रक्ताशिवाय क्षमा नाही, मग लेवीयमधल्या सपिठाचं काय?

ओटीवरचा (धागाकर्ता)

यंदाच्या उत्तम शुक्रवारी आमच्या पाळकसाहेबांनी येशूच्या क्रूसावरच्या 'पूर्ण झाले आहे' या उद्गारावर संदेश दिला. बोलतात छान. पण मध्येच म्हणाले, "लेवीय पुस्तक पिळलं तर रक्ताशिवाय काही निघायचं नाही." मंडळी आमेन म्हणाली. मी गप्प राहिलो, कारण माझ्या मांडीवर लेवीयच, म्हणजे जुन्या करारातलं अर्पणांच्या नियमांचं पुस्तक, उघडं होतं. पाचवा अध्याय, अकरावं वचन.

तिथं काय सांगितलंय? माणसाच्या हातून पाप घडलं. ऐपत असेल तर त्यानं कळपातली मेंढी नाहीतर शेळी आणावी. ती परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेवढंही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे दोन लिटरच्या पातेल्यात मावेल एवढं. त्यावर तेल घालायचं नाही, धूप ठेवायचा नाही. याजक मूठभर उचलून वेदीवर जाळतो, बाकीचं त्याचं. आणि त्या माणसाला क्षमा होते. सुरी नाही, थेंबभर रक्त नाही.

मुळात अर्पणं पाच: होमबली, अन्नबली, शांत्यर्पण, पापबली, दोषबली. होमबली पूर्ण जळतो, चामडं तेवढं याजकाला. अन्नबलीत मीठ हवंच, खमीर आणि मध चालत नाही. आणि शांत्यर्पण म्हणजे सरळ जेवण. चरबी आणि गुरदे वेदीवर, ऊर आणि उजवी मांडी याजकाला, उरलेलं सगळं आणणाऱ्याच्या घरच्यांना. त्यातही आभाराचं शांत्यर्पण असेल तर सातव्या अध्यायातला नियम बघा: मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. सोबत बेखमीर पोळ्या, शिवाय खमीर घातलेल्या भाकरीसुद्धा. आता एक अख्खा मेंढा एका दिवसात एक कुटुंब कसं संपवणार? शेजारी बोलवा, पाहुणे बोलवा, वाटेवरचा कुणी दिसला तर त्याला बसवा. हा नियम ज्यानं केला त्याला माणसांची चांगली पारख असावी. उद्यासाठी ठेवायची मुभा दिली की कुणी कुणाला बोलवत नाही.

माझी आजी लग्नाआधी ख्रिस्ती नव्हती. तिच्या माहेरी कंदुरी व्हायची. ती सांगायची, कंदुरीचं मटण शिवेबाहेर न्यायचं नाही, तिथंच संपवायचं, आणि आलेल्याला नाही म्हणायचं नाही. बाप्तिस्मा झाल्यावर तिनं ते सोडलं. पण लेवीयचा सातवा अध्याय मी तिला वाचून दाखवला तेव्हा हसली आणि म्हणाली, "हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?"

इब्रीत अर्पणाला 'कोर्बान' म्हणतात. धातू 'जवळ येणे' हा. मराठीत आपण 'बळी' म्हटलं की डोळ्यांसमोर सुरी येते, आणि सगळं पुस्तक मग त्याच सुरीवरून वाचलं जातं. ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ लावताना आपण पाचातलं एक उचललं, तेही अर्धवट समजून. बसून जेवायचं, आभाराचं जे अर्पण होतं ते पार विसरलो. म्हणून आपलं प्रभुभोजन मयताला आल्यासारखं असतं. पेरभर पाव, बोटभर द्राक्षरस, मान खाली, घरी पळा.

मारा आता दगड.

---

एकदाच

सलाम. दगड नाही, पण सोडणारही नाही.

तुम्ही अकरावं वचन वाचलंत, बारावं का नाही वाचलंत? ते मूठभर सपीठ याजक कुठं जाळतो? वेदीवर, परमेश्वराच्या हव्यांवर. म्हणजे ज्या वेदीवर रोज सकाळ-संध्याकाळ कोकरू अर्पण होतं, तिच्यावर. गरिबाचं सपीठ त्या रक्ताच्या आधारानं स्वीकारलं जातं. ती सवलत आहे, नियम नाही. नियम लेवीय १७:११ मध्ये आहे: देहाचं जीवन रक्तात आहे, आणि जिवाबद्दल प्रायश्चित्त करायला ते वेदीवर दिलं आहे. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना सपिठाच्या चिमटीवर सिद्धांत उभा करायचा म्हणजे जरा अतीच.

आणि 'बसून जेवायचं' म्हणता ते गोड वाटतं ऐकायला. पण नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय काय म्हणतो? याजक रोज उभा राहून तेच तेच यज्ञ करत राहतो, ज्यांनी पापं कधीच दूर होत नाहीत. ख्रिस्त मात्र एकदाच अर्पण करून बसला. उभा आणि बसला, हा फरक बघा. मंदिरात याजकाला बसायला आसनच नव्हतं, कारण काम संपत नव्हतं. ते संपलं. आता शांत्यर्पणाच्या पाककृती काढून काय करायचं? सावली बघून झाली, माणूस समोर उभा आहे.

यशया ५३:१० सुद्धा बघा. परमेश्वराच्या सेवकाचा जीव 'दोषार्पण' म्हटलाय. तिथं इब्रीत 'आशाम' आहे, लेवीयमधल्या दोषबलीचा नेमका तोच शब्द. हे पाळकांच्या मनचं नाही.

---

उगाच एक

मी पडलो नास्तिक, तरी विचारतो. देवाला मटणाचा वास आवडतो हे मान्य करूनच चर्चा चालू आहे ना? पन्नासाव्या स्तोत्रात देवच म्हणतो की मला भूक लागली तर तुला सांगणार नाही, मी काय बैलांचं मांस खातो? आमोस संदेष्टा तर सरळ सांगतो, तुमचे सण मला नकोत. म्हणजे त्यांच्यातल्याच शहाण्यांना ते पटत नव्हतं.

आणि सगळंच इतकं सोवळं नव्हतं. नेगेवच्या वाळवंटातल्या तेल अरादला यहूदाच्या राज्यातलं, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातलं देऊळ सापडलंय. तिथल्या दोन छोट्या वेद्यांवरच्या काळ्या थराची तपासणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. एकीवर ऊद, चरबीत मिसळलेला. दुसरीवर गांजा, जनावराच्या शेणात मिसळलेला, म्हणजे सावकाश धुमसावा म्हणून. आता यावर संदेश कोण देणार?

---

एकदाच

@उगाच एक: आमोस यज्ञ नको म्हणत नाही, न्याय नसलेला यज्ञ नको म्हणतो. आणि अरादचं देऊळ म्हणाल तर यरुशलेमबाहेर वेद्या बांधल्या म्हणून संदेष्ट्यांनी शिव्याच घातल्यात. तुम्ही आमच्याच बाजूचा पुरावा आणून दिलात, धन्यवाद.

---

पानमळा

वसईहून, कॅथलिक. तुम्ही दोघंही प्रभुभोजनाला 'आठवण' धरून चालला आहात, म्हणून तुम्हाला हा पेच पडतो. आमच्याकडे ती वेदी आहे, आणि मिस्सा, म्हणजे आमची प्रभुभोजनाची उपासना, हे अर्पण आहे. ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६२ मध्ये हे ठामपणे मांडलं: क्रूसावरचंच ते अर्पण, रक्त न सांडता. पुन्हा मारणं नाही, तर एकदा झालेलं तेच इथं हजर होणं. 'एकदाच'ला बाध येत नाही.

ओटीवरचा यांच्या सपिठाबद्दल मात्र एक भर. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर त्रिफो नावाच्या यहुद्याशी वाद घालताना म्हणतो की महारोगातून शुद्ध झालेल्यानं जे सपीठ अर्पायचं, ते ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीचं पूर्वचिन्ह. म्हणजे तुमचं सपीठ कुणाला दिसलंच नाही असं नाही. त्याआधी 'दिदाखे' या जुन्या पुस्तिकेत रविवारच्या भाकर मोडण्याला मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या शुद्ध अर्पणाचं वचन जोडलंय. मलाखी १:११ मध्ये तिथं शब्द कुठला आहे? मिन्हा. अन्नबलीचाच.

तेव्हा मयताला आल्यासारखं वाटतं ही तक्रार आपापल्या घरी करा. आमच्याकडे सणाच्या मिस्सेनंतर गाव जेवतं.

---

ओटीवरचा

@पानमळा: जस्टिनचं ठाऊक नव्हतं, आभार. पण गाव जेवतं ते मिस्सेनंतर, मिस्सेत नाही. शांत्यर्पणात जेवण हीच उपासना होती. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला रागावतो तेही याच्यावरून: एकजण उपाशी, एकजण पिऊन मस्त. म्हणजे तिथं खरं जेवण होतं, नाहीतर उपाशी कोण राहील?

@एकदाच: बारावं वचन मान्य. रोजच्या कोकराच्या वेदीवर ते जळतं, हा मुद्दा मी गाळला होता. पण 'रक्ताशिवाय क्षमा नाही' हे ज्या इब्री ९:२२ मधून येतं, त्याच वाक्याच्या सुरुवातीला ग्रीकमध्ये 'स्खेदोन' आहे, म्हणजे 'जवळजवळ'. जवळजवळ सगळं रक्तानं शुद्ध होतं. पत्र लिहिणाऱ्याला सपीठ माहीत होतं हो. विसरलो आपण.

आता हात ठेवण्याचं. लहानपणापासून ऐकतोय की माणूस जनावराच्या डोक्यावर हात ठेवतो आणि त्याचं पाप जनावरात जातं, मग जनावर त्याच्याऐवजी मरतं. लेवीयमध्ये पाप कबूल करून, दोन्ही हात ठेवून ते बकऱ्याच्या डोक्यावर घालायचं हे एकाच ठिकाणी आहे, सोळाव्या अध्यायात. आणि तो बकरा मारत नाहीत! अजाजेलासाठी रानात सोडून देतात. उलट पापबलीचं मांस 'परमपवित्र' आहे, याजकानं पवित्र ठिकाणी बसून खायचंय. पाप भरलेलं जनावर परमपवित्र कसं होईल?

जेकब मिल्ग्रोम या यहुदी अभ्यासकानं लेवीयवर आयुष्य घातलं. तो म्हणतो, आपण ज्याला पापबली म्हणतो तो इब्री शब्द 'हट्टात', आणि त्याचा अर्थ पापबली नव्हे, शुद्धीचं अर्पण. रक्त माणसाला लावतच नाहीत, वेदीच्या शिंगांना लावतात. लोकांच्या वागण्यानं देवाचं घर मळतं आणि ते धुवायचं असतं. रक्त म्हणजे साबण. माणसाऐवजी कुणाला तरी फाशी, असा हिशेब तिथं नाही.

---

धाकटी

साबणाचं ठीक आहे, पण मग माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. बाराव्या अध्यायात बाळंतिणीनं पापबली आणायचाय. तिनं काय पाप केलं? मुलगा झाला तर सात अधिक तेहेतीस, चाळीस दिवस. मुलगी झाली तर चौदा अधिक सहासष्ट, ऐंशी. आम्ही तिघी बहिणी. आईनं हे वचन एकदा पेन्सिलीनं गोल केलेलं मी तिच्या पवित्र शास्त्रात पाहिलंय. शेजारी काही लिहिलं नव्हतं, नुसता गोल.

---

ओटीवरचा

याच अध्यायामुळे मिल्ग्रोमचं म्हणणं पटतं. बाळंतपण पाप नाही, तरी हट्टात आहे, म्हणजे हट्टात पापासाठीच असतं असं नाही. जन्म आणि मरण यांच्या काठावरून आलेल्या माणसाला पुन्हा पवित्र जागी आणायचं असतं. येशूच्या आईनं, मरियेनंही हेच केलं. लूकच्या दुसऱ्या अध्यायात होल्यांचा जोड किंवा पारव्याची पिल्लं म्हटलंय, म्हणजे कोकराची ऐपत नव्हती.

---

धाकटी

ते समजलं. ऐंशी का, ते नाही समजलं.

---

ओटीवरचा

त्याचं पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

---

एकदाच

मिल्ग्रोम मोठा माणूस, पण तो यहुदी म्हणून वाचतो. मला प्रेषितांनी वाचलं तसं वाचायचंय. पेत्र म्हणतो निष्कलंक, निर्दोष कोकऱ्याच्या मूल्यवान रक्तानं सुटका झाली. योहान म्हणतो जगाचं पाप हरण करणारा कोकरा. रक्त म्हणजे साबण एवढंच असेल तर साबणासाठी कुणी मरतं का?

---

ओटीवरचा

कोकरा कुठला पण? पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात ख्रिस्ताला सरळ 'वल्हांडण' म्हणतो, म्हणजे मिसरातून सुटकेच्या यहुदी सणाचा कोकरा, आणि वल्हांडणाचा कोकरा पापबली नव्हता. तो भाजून घराघरांत खायचा, सकाळपर्यंत शिल्लक नाही, घर लहान असेल तर शेजाऱ्याला घेऊन. पुन्हा जेवणच!

आणि आता माझा हुकमाचा पत्ता. प्रेषितांची कृत्ये, एकविसावा अध्याय. पौल यरुशलेमात येतो. ख्रिस्ताचं मरण होऊन पाव शतक होत आलंय. तिथले वडीलजन सांगतात, आपल्यातल्या चार जणांनी नवस केलाय, त्यांचा खर्च तू कर. पौल त्यांना घेऊन मंदिरात जातो. गणना ६ उघडा, नाजीराचा, म्हणजे नवसानं देवाला वाहून घेतलेल्याचा, नवस फेडताना काय द्यायचं? होमबलीला कोकरू, शांत्यर्पणाला मेंढा, आणि पापबलीला मेंढी. चौघांचा खर्च पौलानं उचलला, म्हणजे चार पापबली! ज्या माणसानं रोमकरांस पत्र लिहिलं त्यानं. 'सावली संपली' हे त्याला कळलं नव्हतं म्हणायचं का?

---

एकदाच

हा पत्ता येणार हे माहीत होतं. पौलच म्हणतो, यहुद्यांना मिळवायला मी यहुद्यांसारखा झालो. शिवाय सात दिवस पुरे होत आले असताना दंगल झाली आणि पौलाला बेड्या पडल्या. अर्पण झालं असं लूक कुठंही लिहीत नाही.

पण खरं सांगायचं तर हा उतारा मलाही बोचतो. आमच्या वर्गात एकदा विचारला होता, शिक्षकांनी विषय बदलला.

---

गुलाबी पाकीट

तुमचं चालू द्या. आमच्याकडे लेवीय फक्त एका कामाला येतं: 'दोषहीन अर्पण' म्हणून कोऱ्या नोटा मागायला. दशमांशाची, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाची, पाकिटं नावानिशी, कुणी किती दिले ते वर्षअखेर वाचून दाखवतात. नाव घेत नाही, शहाण्याला कळेल.

जुन्या करारातल्या 'अनुवाद' पुस्तकाचा चौदावा अध्याय कधीच का वाचत नाहीत? दशमांश परमेश्वरासमोर स्वतः खा, घरच्यांसह आनंद कर. वाट लांब असेल तर विकून पैसे गाठीला बांध, तिथं जाऊन मनाला येईल ते घे: बैल, मेंढरं, द्राक्षारस, मद्य! आणि दर तिसऱ्या वर्षीचा गावातच ठेवायचा, लेवी, परका, अनाथ, विधवा यांच्यासाठी. द्राक्षारसाचं वचन वाचलं की पाकीट जड कसं होणार.

---

उगाच एक

हे अनुवादाचं पुस्तक मला आवडायला लागलंय.

---

शनवार तेली

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मूळचा अलिबागकडचा, बेने इस्रायल म्हणजे कोकणातला यहुदी, आता इस्राएलात अश्दोदला.

'सावली' हा शब्द इतक्या सहज फेकू नका ही विनंती. तुमच्या लेखी आमचं सगळं कुणाच्या तरी येण्याची पूर्वतयारी. मंदिर इसवी सन ७० मध्ये पडलं तेव्हा आमच्यासमोर हाच प्रश्न होता: वेदी नाही, मग क्षमा कशी? रब्बी योहानान बेन झक्काई आणि रब्बी यहोशुआ उद्ध्वस्त मंदिराजवळून जात होते. यहोशुआ रडायला लागले. योहानान म्हणाले, आपल्याकडे तितकंच मोलाचं दुसरं प्रायश्चित्त आहे: दयेची कामं. आणि होशेय संदेष्ट्याचं वचन म्हणाले, मला दया हवी, यज्ञ नको. तेच वचन मत्तयात येशूच्या तोंडी आहे, तुम्हाला माहीत असेल.

रोजचं एक अर्पण संध्याकाळचं. आमची दुपारनंतरची प्रार्थना आजही 'मिन्हा'च म्हणवते. वर कुणीतरी मलाखीतला तो शब्द दिलाय, त्याला एवढंच सांगायचं की तो आमच्याकडे अजून चालू आहे, दररोज.

यज्ञ कशाला, यावर आमचंही एकमत नाही. रामबाम (रब्बी मैमोनिदीस) म्हणतो, लोकांना त्या काळात यज्ञाशिवाय पूजा सुचलीच नसती, म्हणून देवानं ते चालू ठेवलं आणि वळण लावलं. त्याच्या नंतरच्या रामबाननं (रब्बी नाहमानिदीस) त्याला फटकारलंय. आठशे वर्षं भांडतोय, तुमचा धागा कोवळा आहे.

आणि जेवणाचं म्हणाल तर आमच्या घरी मलिदा होतो. नवस फेडला, नवं घर घेतलं, लग्न ठरलं की एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावानं. पोहे भिजवून, साखर, ओलं खोबरं, वेलची, ताटात रचून वर फळं. आधी आशीर्वाद म्हणायचे, मग ताट फिरतं. आमची जुनी माणसं त्याचा संबंध मंदिरातल्या अन्नबलीशी लावत. पुराव्याचं अभ्यासकांनी बघावं. माझी आई पोहे भिजवताना बोलत नसे, एवढं मला आठवतं.

---

पानमळा

@शनवार तेली: 'पूर्वचिन्ह' मीच लिहिलं. तुमच्या बाजूनं ते कसं वाटत असेल हा विचार केला नव्हता. शब्द मागे घेत नाही, माझ्या श्रद्धेत तो बसतो. पण पुढच्या वेळी जरा जपून.

---

एकदाच

माझ्याबाजूनं शेवटचं. क्रूसाचं काम पुरं झालं यावर मी तसूभर हलणार नाही. पण इब्री १३:१५-१६ मी पाठ करूनही नीट वाचलं नव्हतं. तिथं 'एकदाच' नंतरही दोन यज्ञ शिल्लक ठेवलेत: ओठांचं फळ म्हणजे स्तुती, आणि परोपकार व दानधर्म. 'अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो.' तेव्हा कापणीच्या सणाला भक्तीनंतर लिलाव करून घरी पळण्याऐवजी तिथंच पंगत बसवावी, इतपत ओटीवरचा यांच्याशी सहमत. मटणाचा खर्च ते करणार असतील तर.

---

ओटीवरचा

सात दिवसांचं शुद्धीकरण करून येतो. पण आधी सपिठाच्या पोळ्या, गरिबांचं अर्पण आहे ते.

---

शनवार तेली

एक बारीकसं राहिलं. सपिठाच्या त्या वचनात इब्री शब्द 'सोलेत' आहे. इथं दुकानात सोलेत मागितलं तर रवा देतात. आमच्या पिर्के आवोत या रब्बींच्या वचनसंग्रहातही चाळणीची उपमा आहे: चांगली चाळणी पीठ खाली सोडते आणि सोलेत धरून ठेवते. म्हणजे दळून चाळणीत वर राहतं ते दाणेदार. तेव्हा धाग्याचं नाव बदला आणि पोळ्यांऐवजी शिरा करा.